वार कधी समोर, कधी मागे, कधी खाली: प्रत्येक गरोदरपणात जागा का बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेस सोनोग्राफी करून आलेल्या महिला आणि त्यांच्या घरची मंडळी वारेच्या (प्लासेंटाच्या, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोषण पुरवणाऱ्या भागाच्या) जागेविषयी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही माहिती तपासणीची जागा घेऊ शकत नाही. अंगावरून रक्त जात असेल तर हे पान वाचत बसू नये, सरळ रुग्णालयात जावे.

पहिल्या खेपेला वार समोर होती, या खेपेला अहवालात मागे लिहिली आहे. अहवाल चुकला असेल का?

बहुतेक वेळा चुकलेला नसतो. वार हा गर्भाशयाचा कायमचा अवयव नाही. प्रत्येक गरोदरपणात ती नव्याने तयार होते आणि बाळंतपणानंतर पूर्णपणे बाहेर पडते. दिवस भरल्यावर तिचे वजन साधारण अर्धा किलो आणि रुंदी सुमारे २० ते २२ सेंटीमीटर असते. मागच्या खेपेची वार आता शरीरात नाही, त्यामुळे तिची जागाही पुढच्या वारेला बांधलेली नाही. त्याच बाईला, त्याच गर्भाशयात, पहिल्या खेपेला समोरच्या भिंतीवर, दुसऱ्या खेपेला मागच्या भिंतीवर आणि तिसऱ्या खेपेला अगदी माथ्यावर वार असणे यात वैद्यकीयदृष्ट्या काहीही वावगे नाही. तिन्ही खेपांना ती एकाच भिंतीवर असणेही तितकेच स्वाभाविक आहे.

मग ही जागा नेमकी ठरते कशी आणि केव्हा?

ती फार लवकर ठरते, बहुधा पाळी चुकल्याचे लक्षात येण्याच्याही आधी. बीजनलिकेत फलन झाल्यावर तो गर्भ पेशींचे विभाजन होत होत गर्भाशयाच्या पोकळीत उतरतो आणि फलनानंतर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान आतल्या अस्तरात रुजतो. तो ज्या ठिकाणी रुजतो तिथेच पुढे वार वाढते. गर्भ कुठे रुजेल हे अनेक गोष्टींच्या मेळातून ठरते: त्या आठवड्यात अस्तर कुठे अधिक अनुकूल आहे, गर्भाशयाच्या स्नायूंच्या बारीक लहरी गर्भाला कोणत्या बाजूला नेतात, पोकळीचा आकार कसा आहे, आत एखादी गाठ, जन्मजात पडदा किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का. बहुतेक वेळा गर्भ वरच्या भागात रुजतो, मग भिंत समोरची असो वा मागची. या सगळ्यात योगायोगाचा वाटा मोठा आहे, आणि तो मान्य करण्यात डॉक्टरांनाही कमीपणा वाटू नये.

कुशीवर झोपणे, जिने चढणे, दुचाकीवरून जाणे, नवतपातली उष्णता, पपई खाणे यांमुळे वारेची जागा बदलते का?

नाही. नवतपात दुपारी बाहेर न पडणे आणि पाणी भरपूर पिणे हे गरोदर बाईच्या हिताचेच आहे, पण त्याचा वारेच्या जागेशी संबंध नाही. घरातल्या कामामुळे वार खाली आली असे सुनेला ऐकवणे तर पूर्णपणे निराधार आहे.

समोरची वार आणि मागची वार यांत चांगली कोणती?

वरच्या भागात असेल तर दोन्ही चांगल्या. समोर असो, मागे असो, बाजूला असो किंवा माथ्यावर असो, बाळाचे पोषण तेवढ्याच चांगल्या रीतीने होते. समोरच्या वारेमुळे दोन फरक मात्र जाणवतात आणि दुसऱ्या खेपेच्या आयांना तेच घाबरवतात, कारण त्यांच्याजवळ तुलनेला पहिला अनुभव असतो.

एक फरक हालचालींचा आहे. वार बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये एखाद्या उशीसारखी येते आणि बाळाच्या सुरुवातीच्या हलक्या लाथा तिच्यातच जिरतात. साधारणपणे १६ ते २० आठवड्यांच्या दरम्यान हालचाल जाणवू लागते आणि दुसऱ्या खेपेला ती थोडी लवकर ओळखू येते. परंतु पहिल्या वेळी वार मागे आणि या वेळी समोर असेल, तर दुसरी खेप असूनही हालचाल उशिरा कळू शकते. ती मधोमध न जाणवता बहुधा कडेला किंवा ओटीपोटात खाली जाणवते. २४ आठवडे पूर्ण झाले आणि तरीही हालचाल कळलीच नाही, तर मात्र ‘वार समोर आहे ना, म्हणून’ असे स्वतःच ठरवून थांबू नये, तपासून घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकदा नियमित हालचाल सुरू झाल्यावर ती कमी झाली किंवा थांबली, तर वार कोणत्या बाजूला आहे याला काही महत्त्व उरत नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

दुसरा फरक ठोक्यांचा आहे. हातातल्या यंत्राने बाळाचे ठोके शोधताना समोरच्या वारेतल्या रक्तप्रवाहाचा आवाज आधी येतो आणि परिचारिकेला यंत्र इकडेतिकडे फिरवावे लागते. अशा वेळी जो थोडा वेळ जातो तो आईला फार मोठा वाटतो, पण त्यात काळजीचे कारण नसते. याच कारणासाठी असे यंत्र घरी विकत आणून ठोके शोधत बसू नये, असे आमचे मत आहे. ठोके सापडले नाहीत तर उगाच घबराट होते, आणि वारेचाच आवाज ऐकून समाधान मानले तर खरा धोका झाकला जातो.

अहवालात ‘ग्रेड १’ लिहिले आहे. म्हणजे वार खाली आहे का?

या एका शब्दाने जितका गोंधळ होतो तितका दुसऱ्या कशाने होत नसेल. सोनोग्राफीच्या अहवालात वारेपुढे लिहिलेली शून्य ते तीनपर्यंतची ग्रेड ही तिच्या जागेची नसून परिपक्वतेची असते. दिवस जातात तसे वारेत चुन्याचे कण दिसू लागतात आणि ग्रेड वाढते. तिसरी ग्रेड दिवस भरत आल्यावर दिसली तर ती अपेक्षितच असते, बरीच आधी दिसली तर डॉक्टर बाळाची वाढ आणि रक्तप्रवाह यांकडे अधिक लक्ष देतात. घोटाळा होण्याचे कारण असे की पूर्वी खाली असलेल्या वारेचेही एक ते चार असे प्रकार पाडले जात आणि काही जुन्या फाइलींमध्ये ते अजून दिसतात. हल्ली शब्द सोपे झाले आहेत. वार गर्भाशयाच्या आतल्या तोंडावर आली असेल तर ‘प्लासेंटा प्रिव्हिया’ म्हणतात, आणि तोंडावर नाही पण तिची कडा तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असेल तर ‘लो लाइंग’ म्हणजे खाली असलेली वार म्हणतात. अहवालात नुसते ‘लो लाइंग’ लिहिलेले असेल आणि अंतर दिलेले नसेल, तर ते मिलिमीटरमध्ये लिहून मागण्यात संकोच करू नये.

२० आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार खाली सांगितली. पहिल्या वेळी असे काही नव्हते. आता सिझेरियनच करावे लागेल का?

एवढ्यात तसे ठरवण्याचे कारण नाही. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास ज्यांची वार खाली दिसते त्यांच्यापैकी शंभरात जवळपास नव्वद जणींची वार दिवस भरेपर्यंत तोंडापासून दूर गेलेली असते. दिवस भरल्यावर तोंडावर वार असण्याचे प्रमाण साधारण दोनशे गरोदरपणांत एक एवढेच आहे. डॉक्टर ‘वार वर सरकली’ असे म्हणतात, पण ती रुजलेल्या ठिकाणाहून उठून चालत जात नाही. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांब होतो आणि त्यामुळे वारेची कडा व तोंड यांतील अंतर वाढते. शिवाय रक्तपुरवठा जिथे चांगला आहे त्या वरच्या बाजूला वार अधिक वाढते आणि खालची कडा हळूहळू आक्रसते.

म्हणून अशा वेळी ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात आणि तेव्हाही वार खालीच असेल तर ३६ आठवड्यांच्या आसपास आणखी एकदा. निर्णय त्या वेळच्या अंतरावर होतो. अंतर २० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर योनीमार्गे प्रसूतीचा प्रयत्न नेहमीप्रमाणे करता येतो. ते १० ते २० मिलिमीटर असेल तर इतर गोष्टी पाहून डॉक्टर आणि कुटुंब मिळून ठरवतात, आणि त्याहून कमी असेल तर सहसा सिझेरियनच सुचवले जाते. तोंडावरच वार असेल तर सिझेरियनला पर्याय नाही. रक्तस्राव वगैरे काही गुंतागुंत नसेल तर ते साधारण ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करतात, कारण कळा सुरू होण्याची वाट पाहणेच धोक्याचे असते.

आठ दिवसांत दोन केंद्रांवर दोन वेगळे अहवाल आले. कोणता खरा मानावा?

पोटावरून सोनोग्राफी करताना लघवीची पिशवी खूप भरलेली असेल तर गर्भाशयाचा खालचा भाग दाबला जातो आणि वार आहे त्यापेक्षा खाली दिसते. तपासणीच्या क्षणी गर्भाशय आकुंचन पावत असेल तरी असेच होते. मागच्या भिंतीवरच्या वारेची कडा तर बाळाच्या डोक्याआड लपते. अशा वेळी योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी अधिक अचूक असते. तिने रक्तस्राव होईल ही भीती अनेक घरांत असते आणि सासूबाईच नकार देतात, परंतु वार तोंडावर असतानाही ही तपासणी सुरक्षित आहे, कारण तपासणीची नळी तोंडाच्या आत जात नाही. रक्तस्राव होण्याचा धोका असतो तो बोटांनी केलेल्या आतल्या तपासणीचा, म्हणून वारेची जागा कळल्याशिवाय डॉक्टर ती तपासणी करत नाहीत.

वार उजवीकडे असेल तर मुलगा आणि डावीकडे असेल तर मुलगी, हे खरे आहे का?

नाही. समोर-मागे, उजवी-डावी यांचा बाळाच्या लिंगाशी असा संबंध नाही की त्यावरून काही सांगता यावे. सोनोग्राफीच्या खोलीत हा प्रश्न आडून विचारला जातो, म्हणून स्पष्ट सांगितलेले बरे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने लिंग सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा ठरवले असून त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे.

पहिल्या खेपेला वार तोंडावर होती. या खेपेला पुन्हा तसेच होईल का?

शक्यता वाढते, पण खात्री नाही. एकदा तोंडावर वार असलेल्या शंभर महिलांपैकी साधारण चार ते आठ जणींना पुढच्या गरोदरपणात तसे होते. म्हणजेच नव्वदहून अधिक जणींना ते होत नाही. याखेरीज ज्या गोष्टींमुळे वार खाली रुजण्याची शक्यता वाढते त्यांत आधीचे सिझेरियन, गर्भाशयाची सफाई, ३५ वर्षांपुढचे वय, अनेक बाळंतपणे, जुळी मुले, टेस्ट ट्यूब बेबी उपचारांनी राहिलेले गरोदरपण आणि धूम्रपान यांचा समावेश होतो. यांपैकी काहीही नसताना वार खाली आढळलेल्या बायकाही पुष्कळ असतात.

पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले होते. वारेच्या जागेत एवढे काय पाहतात?

या पानावरचे सगळ्यात महत्त्वाचे उत्तर हेच आहे. मागच्या वारेची जागा पुढच्या वारेविषयी फारसे काही सांगत नाही. मागच्या सिझेरियनचा व्रण मात्र बरेच काही सांगतो. सिझेरियनचा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात समोरच्या भिंतीवर असतो. पुढच्या खेपेला वार समोर आणि वर असेल तर प्रश्न नाही. ती समोर आणि खाली, म्हणजे नेमकी त्या व्रणावर असेल, तर ती अस्तराची मर्यादा ओलांडून स्नायूंत रुतण्याची भीती असते. व्रणाच्या जागी अस्तर विरळ झालेले असल्यामुळे वारेला अडवणारा थर तिथे पुरेसा उरत नाही. अशी रुतलेली वार बाळ बाहेर आल्यावर सुटत नाही, ओढली तर प्रचंड रक्तस्राव होतो आणि अनेकदा आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भाशय काढावे लागते.

हा धोका सिझेरियनच्या संख्येबरोबर किती वाढतो हे अमेरिकेत ३०,००० हून अधिक सिझेरियनवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. वार तोंडावर असलेल्या महिलांमध्ये ती रुतलेली असण्याचे प्रमाण पहिल्याच सिझेरियनच्या वेळी शंभरात ३, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० होते. हे आकडे फक्त वार तोंडावर असलेल्यांचे आहेत, सिझेरियन झालेल्या सगळ्यांचे नव्हेत. तरीही, गरज नसताना मुहूर्त साधण्यासाठी पहिले सिझेरियन करून घेणाऱ्यांनी हे आकडे एकदा नजरेखालून घालावेत असे वाटते, कारण त्या निर्णयाची किंमत बहुधा तिसऱ्या खेपेला मोजावी लागते.

वार रुतल्याची शंका असेल तर अनुभवी तज्ज्ञाकडून कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास एमआरआय करतात. अशी प्रसूती छोट्या नर्सिंग होममध्ये करू नये. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि नवजात बालकांचा विभाग एकाच आवारात असलेले रुग्णालय आधीपासून ठरवावे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स यांसारखी मोठी शासकीय रुग्णालये आहेत, तसेच मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियन, औषधे आणि रक्त मोफत मिळते. दुसऱ्या सिझेरियननंतर वर्षभराच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून गर्भ व्रणात तर रुजला नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे.

रक्तस्राव झाला तर काय करावे?

खाली असलेल्या वारेतून होणारा रक्तस्राव बहुधा लालभडक आणि न दुखता होतो. दुखत नाही म्हणूनच तो अंगावर काढला जातो. पहिला रक्तस्राव थोडा असून आपोआप थांबला तरी पुढचा मोठा असू शकतो, त्यामुळे रक्त थांबले तरी त्याच वेळी निघावे आणि गरज पडल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तासोबत पोट सतत दुखत असेल किंवा दगडासारखे कडक झाले असेल तर वार वेळेआधी सुटत असण्याची शक्यता असते. हे वरच्या भागातल्या, जागेने अगदी निर्दोष वारेतही घडते आणि त्यात एक मिनिटही दवडू नये. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर रक्तस्रावानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनचा विचार करावा लागतो, म्हणून रक्तगट पोहोचताक्षणी सांगावा.

विदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इथल्या अनेक समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण जास्त आहे. वार खाली असलेल्या बाईला सिकलसेलचा आजार असेल किंवा तिचे हिमोग्लोबिन कमी असेल, तर थोडा रक्तस्रावही जड जातो. सिकलसेलची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी, लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत आणि रक्त देणारी दोन-तीन माणसे आधीच हेरून ठेवावीत.

वार खाली आहे म्हणून संपूर्ण विश्रांती घ्यावी का?

दिवसभर पलंगावर पडून राहिल्याने वार वर जाते असे आढळलेले नाही. उलट पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जड वजन उचलणे टाळावे. वार तोंडावर असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर शरीरसंबंध ठेवू नयेत.

डोहाळजेवण झाल्यावर माहेरी गडचिरोलीला जायचे ठरले आहे. वार खाली असताना जावे का?

माहेरी जाणे हा इथल्या प्रत्येक घरातला नाजूक विषय आहे, तरी प्रश्न मायेचा नसून अंतराचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया ही ठिकाणे नागपूरपासून दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरवर आहेत. त्या जिल्ह्यांच्या ठिकाणीही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत, पण माहेर जर तिथून आणखी तास-दोन तास आतल्या गावात असेल, तर रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झाल्यावर काय होईल याचा विचार आधी करावा. ३२ आठवड्यांची सोनोग्राफी होईपर्यंत थांबावे. वार वर गेली असेल तर निश्चिंतपणे जावे. ती तोंडावरच असेल तर मोठ्या रुग्णालयापासून दूर जाऊ नये, आईलाच नागपुरात बोलावून घ्यावे. रीत पाळायचीच असेल तर डोहाळजेवण इथेही होते.

तपासणीला येताना जुने कोणते कागद आणावेत?

मागच्या सोनोग्राफीचे अहवाल असतील तर आणावेत, पण डिस्चार्ज कार्ड विसरू नये. मागचे सिझेरियन का झाले, छेद आडवा होता की उभा, वार आपोआप सुटली की हाताने काढावी लागली, रक्त चढवले होते का, नंतर सफाई करावी लागली का, ही माहिती त्याच कागदावर असते आणि नव्या डॉक्टरला सर्वात उपयोगी पडते ती हीच. कार्ड हरवले असेल तर ज्या रुग्णालयात प्रसूती झाली तिथे जुन्या नोंदीची प्रत मागावी. प्रसूती अलीकडची असेल तर ती मिळण्याची शक्यता चांगली असते. माता बाल संरक्षण कार्डात आशाताईंकडून किंवा परिचारिकेकडून वारेचे अंतर आणि तपासणीची तारीख लिहून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांवर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. खासगी दवाखान्यात नाव नोंदवलेले असले तरी तिथे जाऊन दुसरे मत घेता येते.